ऑलिव्हचा चोथा खाद्यात: घ्यावा तर कोणता?

तेल काढल्यावर उरलेला ऑलिव्हचा चोथा तीन रूपांत मिळतो: ओला, बियांसकट वाळवलेला आणि बिया काढून वाळवलेला. मांसाची प्रत सुधारायची असेल तर तिसराच घ्या.

ओल्या मालात बऱ्याचदा 65 ते 70 टक्के पाणीच असतं. उघड्यावर राहिला की काही दिवसांतच खवट होतो, बुरशी धरतो. आल्या दिवशीच हवाबंद मुरघास करता येणार असेल तरच तो मागवावा. बियांसकट मालात लिग्निन, म्हणजे न पचणारा लाकडी अंश, फार. जनावराचं पोट भरतं, वजन चढत नाही.

पोतं उघडल्यावर मूठभर माल बोटांत चोळून बघा. कठीण, टोकदार कण लागले तर बिया नीट चाळलेल्या नाहीत. वास फळासारखा, किंचित भाजका हवा. जुन्या तेलासारखा उग्र आला तर पोतं परत करा. खवट चरबी खाऊ घालून मांस टिकाऊ कसं होणार? तेलाचं प्रमाण जरूर विचारा. सॉल्व्हंटने (तेल विरघळवणाऱ्या रसायनाने) तेल काढून घेतलेल्या चोथ्यात ते जेमतेम 2 ते 4 टक्के उरतं, म्हणजे ज्या ओलेइक आम्लासाठी (ऑलिव्ह तेलातल्या मुख्य चरबी-आम्लासाठी) पैसे मोजायचे तेच गेलेलं. प्रथिनांच्या आकड्याला भुलू नका. ती मुळात कमी, त्यातली बरीच तंतूंना जखडलेली.

100 किलो आंबोणात पहिल्या आठवड्यात 3 किलो, मग 6, शेवटी 10. गाईगुरांच्या आणि शेळ्यामेंढ्यांच्या एकूण आहारात चरबी शुष्क पदार्थाच्या (पाणी वगळून उरलेल्या खाद्याच्या) 6 टक्क्यांवर जाऊ देऊ नका. कोटीपोटातले (पोटाच्या पहिल्या, चारा आंबवणाऱ्या कप्प्यातले) जंतू मंदावतात आणि चारा पचत नाही.

डुकरात ओलेइक आम्ल थेट चरबीत उतरतं, फरक स्पष्ट दिसतो. मात्र चरबी मऊ पडते, हॅम (डुकराच्या मांडीचं खारवलेलं मांस) करणाऱ्यांना ते नको असतं. रवंथ करणाऱ्यांत कोटीपोटातले जंतू बरंचसं ओलेइक आम्ल संपृक्त करून टाकतात, म्हणून ‘मार्बलिंग (मांसातली चरबीची बारीक जाळी) हमखास वाढेल’ असं सांगणाऱ्या विक्रेत्यावर विसंबू नका. चोथ्यातल्या पॉलिफेनॉल (ऑक्सिडेशन रोखणारी वनस्पतिजन्य द्रव्यं) आणि ई जीवनसत्त्वाचा उपयोग मांसाचं ऑक्सिडेशन मंदावण्यासाठी, लाल रंग टिकण्यासाठी होतो. जपानमधल्या कागावाच्या ऑलिव्ह बीफसाठी कत्तलीआधी किमान 2 महिने रोज 100 ग्रॅम ऑलिव्ह खाद्य देतात. मात्रा एवढीशीच, तीही शेवटच्या टप्प्यात.

मेंढ्या असतील तर चोथ्यात पानं मिसळली आहेत का ते आधी विचारा. बागेत तांब्याची बुरशीनाशकं फवारतात आणि मेंढीला तांबं पटकन बाधतं. पानं असतील तर तांब्याची तपासणी करून घेतल्याशिवाय एक पोतंही उतरवून घेऊ नका.