सूर ओळखा की प्रश्न सोडवा?

गणेशोत्सवात इंदूरच्या मराठी मंडळींसाठी जुन्या मालिकांचा खेळ ठेवायचा, तर प्रश्नमंजूषेपेक्षा मी शीर्षकसंगीत ओळखण्याच्या बाजूने आहे. ‘मालगुडी डेज’ची ती गुणगुण सुरू झाली की आजीचा हात सगळ्यांच्या आधी वर जातो. ‘भारत एक खोज’ तर सुरुवातीच्या, ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तावरूनच कळते. वनराज भाटियांचे ते संगीत अंगावर काटा आणते!

प्रश्नमंजूषेत माहिती जास्त मिळते, हे खरे. ‘हम लोग’ १९८४ साली सुरू झाली, भागाच्या शेवटी अशोक कुमार बोलायचे. पण सालं आठवणारे दोघे-चौघेच. बाकीचे गप्प बसतात. मुलांना मात्र प्रश्नच द्यावेत, तेही पर्यायांसह. ज्यांनी मालिका पाहिलीच नाही, त्यांना सूर ओळखता येणार नाही.