पांढरी गच्ची: नऊ महिने झाले, धुळीशी भांडण चालूच

टाकीखाली रंगाला फुगे आले, म्हणून हे लिहायला बसलो. अकोल्यात घर, स्लॅब १९९२चा, वर दुसरा मजला नाही. मार्चमध्ये गच्चीला कूल रूफचे, म्हणजे ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचे, दोन हात मारले.

फायदा आधी सांगून टाकतो. मेच्या सुरुवातीला वायरमनची तापमान मोजायची गन मागून आणली. दुपारी अडीचला न रंगवलेला कोपरा ६२, पांढरा भाग ४४. पण खरी मजा रात्री. पूर्वी स्लॅब दिवसभर प्यायलेलं ऊन रात्री एकपर्यंत आमच्या अंगावर ओतायचा. यंदा कूलर अकरालाच बंद. शेजारच्या तीन एसींचं गरम वारं खिडकीतून येतं ते येतंच. तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफचं धोरणच आणलं. आमच्या गल्लीत पांढरी गच्ची अजून माझी एकट्याची.

भावजी म्हणत होते, माती टाकून हिरवळ कर. सहा इंच ओली माती म्हणजे चौरस मीटरला अडीचशे किलोच्या वर, आणि गच्ची धरलेली असते दीडशेच्या हिशोबाने. विषय संपला.

आता धूळ. हे दुकानदार सांगत नाही. मेअखेर गच्ची मळखाऊ चादरीसारखी झाली, गन लावली तर ५१! मी चिडून घरात जाहीर केलं, पैसे पाण्यात गेले. मग एका संध्याकाळी खराट्याने घासून धुतली, दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच वेळी ४५. म्हणजे रंग ठीक होता, मळ ऊन खात होता. पण नळ येतो चौथ्या दिवशी, आणि मी गच्चीला अंघोळ घालू? दर पंधरवड्याला हेच. आईची तक्रार वेगळीच: कुरडया एका दिवसात वाळायच्या, आता दीड दिवस लागतो, वर डोळे दिपतात.

पावसाळ्यात मत बदललं. चार महिने गच्ची आपोआप स्वच्छ, ऑक्टोबरच्या उन्हातही वरची खोली सुसह्य. आता डिसेंबरात पहाटे तीच खोली जरा जास्त गार पडते, एक गोधडी वाढली. चालेल.

फुग्यांचं विचारलं तर दुकानदार म्हणाला, ओल टाकीची आहे, वॉरंटीत बसत नाही. टाकीचा सांधा खरंच गळत होता, तेव्हा निम्मं भांडण मी हरलो. धुळीबद्दल विचारलं, तर हसला.

धुवायला हल्ली आरओचं वाया जाणारं पाणी साठवतो. क्षाराचे डाग पडतात, पण पांढऱ्यावर पांढरे, कोण बघतंय.