सी प्रोग्रॅमिंगचा खासगी क्लास, टिळकवाडी: साइनच्या श्रेणीपुरता अनुभव

विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाच्या सी प्रोग्रॅमिंगमध्ये टेलर श्रेणीने, म्हणजे कोनाच्या वाढत्या घातांची पदे आळीपाळीने मिळवून-वजा करून, साइनची किंमत काढून ती तयार फंक्शनच्या उत्तराशी ताडून पाहण्याचा प्रयोग असतो. माझी मुलगी नेमकी तिथे अडली, म्हणून तिने खानापूरहून बेळगावला रोज ये-जा करून टिळकवाडीतील एका खासगी क्लासला सहा आठवडे हजेरी लावली. मी स्वतः हायस्कूलमध्ये गणित शिकवत असल्याने तिच्या वहीवर माझे बारीक लक्ष होते.

शिकवण्याची पद्धत मला मनापासून आवडली. पहिले दोन दिवस सर संगणकाला हातच लावू देत नाहीत. फळ्यावर श्रेणी मांडून प्रत्येक पदाचे चिन्ह, घात आणि छेद यांचा तक्ता मुलांकडूनच भरून घेतात, अडलेल्या एकाला मराठीत तर त्याच्या शेजाऱ्याला कन्नडमध्ये समजावतात आणि मगच लूपकडे (त्याच सूचना पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या भागाकडे) वळतात. ३० अंशांचे रेडियन (कोन मोजण्याचे दुसरे एकक, श्रेणीत तेच लागते) करून पहिल्या तीन पदांची बेरीज ०.५००००२ येते, हे मुलीने आधी कागदावर काढले होते. (अंशांचे रेडियन करायला ती दोनदा विसरली, पण तो दोष क्लासचा नव्हे.)

तक्रार आहे ती छापील नोट्सबद्दल. त्यांतील प्रोग्रॅम प्रत्येक पदाच्या छेदासाठी फॅक्टोरियल, म्हणजे १ पासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार, नव्याने काढतो आणि ते साध्या इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकासाठीच्या ठरावीक मापाच्या जागेत, साठवतो. ३२ बिटांच्या इंटची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ असल्यामुळे १२ चे फॅक्टोरियल, म्हणजे ४७,९०,०१,६००, त्यात मावते. १३ चे मावत नाही आणि तिथून पुढे छेद चुकतात. ३० अंशांना तेराव्या घाताचे पद इतके नगण्य असते की ही चूक दिसतच नाही. मुलीने घरी दहा पदे घेऊन १८० अंश दिले, तेव्हा जिथे जवळजवळ शून्य यायला हवे होते तिथे उणे २६ च्याही खालचे उत्तर पडद्यावर आले. साइनची किंमत उणे १ च्या खाली जात नाही, हे तिला ठाऊक होते म्हणून बरे. दुसऱ्या दिवशी विचारल्यावर सरांनी "परीक्षेत ३०, ४५, ९० एवढेच येतात" असे सांगून विषय संपवला, हे मला खटकले.

दुरुस्ती काही अवघड नव्हती. आधीच्या पदाला कोनाच्या वर्गाने गुणायचे, पुढच्या दोन संख्यांच्या गुणाकाराने भागायचे आणि चिन्ह बदलायचे; तिसऱ्या घाताच्या पदावरून पाचव्या घाताच्या पदाकडे जाताना ४ गुणिले ५ ने भागले की झाले, फॅक्टोरियल वेगळे काढावेच लागत नाही. आम्ही दोघांनी रात्री बसून तो लूप तसा बदलला आणि १८० अंशांचे उत्तर शून्याला येऊन टेकले.

संगणक जुने पण चालू स्थितीत आहेत, फी वाजवी आहे. धाकट्या मुलालाही मी इथेच घालणार आहे. नोट्स मात्र त्याला थोरलीच्या, दुरुस्त केलेल्या देईन.