पवनचक्की + सोलर, आठ महिन्यांनंतर: आधी डंप लोडची वायर बघा

मागे एकदा मध्यरात्री डोक्यावरून विमान जावं तशा आवाजाने जाग आली. वारा सुटला होता, बॅटरी संध्याकाळीच फुल झालेली आणि चक्कीची पाती मोकाट फिरत होती. कंट्रोलरजवळ, म्हणजे चक्कीची वीज बॅटरीकडे सोडणाऱ्या डब्याजवळ, जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. डंप लोडच्या, म्हणजे जादा विजेची उष्णता करून टाकणाऱ्या मोठ्या रेझिस्टरच्या, टर्मिनलवरची वायर वितळून गळून पडली होती.

सोलरची सवय असलेल्यांना हे कळायला वेळ लागतो. पॅनेलची वायर काढली तरी पॅनेल गुपचूप उन्हात पडून राहतं. चक्कीचं तसं नाही. वीज ओढली जाते म्हणूनच पात्यांचा वेग आवरला जातो. माझ्या कंट्रोलरमध्ये बॅटरी भरली की चक्कीची वीज डंप लोडच्या रेझिस्टरकडे वळते. तोच तुटला तर आवरणारं काही उरत नाही.

ब्रेकचा स्विच होता, पण तो चक्की थांबवायला तिन्ही फेज शॉर्ट करतो, म्हणजे जनरेटरच्या तिन्ही वायरी एकमेकींना जोडतो, आणि इतक्या वेगात दाबला तर वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळू शकतं. म्हणून घरात इस्त्री, पंप, जे सापडेल ते चालू केलं. बॅटरीचा व्होल्टेज उतरला, कंट्रोलरने चक्की परत चार्जिंगवर घेतली आणि आवाज बसला. पहाटे वारा पडेपर्यंत मी तिथेच बसून होते, मग ब्रेक मारला.

विक्रेत्याचं उत्तर: टर्मिनल सैल होणं वॉरंटीत बसत नाही. अहो, टर्मिनल तुमच्याच माणसाने आवळलं होतं! आणि वायर कोणती, तर २.५ स्क्वेअर एमएम. चक्की १ किलोवॉटची, सिस्टिम २४ व्होल्टची, म्हणजे पूर्ण जोरात ३५ ते ४० अँपिअर. त्याला ती वायर फारच बारीक. तीन दिवस भांडल्यावर रेझिस्टर बदलून मिळाला, वायर तीच जोडून देत होते. मी ती काढायला लावली, १० स्क्वेअर एमएमची टाकली, लग (वायरच्या टोकाचे धातूचे कान) नीट क्रिम्प, म्हणजे दाबून घट्ट, करून घेतले. एवढ्या यंत्रणेत सगळ्यात स्वस्त वस्तू ती आणि काटकसर नेमकी तिथेच केलेली. या गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आता चक्की घ्यावी का? पहिले चार महिने मी विचारेल त्याला ‘नको’ सांगत होते. कागदावरचे १ किलोवॉट सेकंदाला १२ मीटर वाऱ्याचे असतात. शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते, त्यामुळे वारा निम्मा झाला की वीज आठवा हिस्सा, १२५ वॉट. नेहमीच्या झुळकीत पाती छान फिरतात आणि मीटर जेमतेम हलतो. आठ महिन्यांत १.२ किलोवॉटच्या पॅनेलनी ९६० युनिट दिले, चक्कीने १४०. नुसत्या युनिटांचा हिशेब केला तर तेवढ्या पैशांत आणखी पॅनेल घेणं शहाणपणाचं, हे मी आजही म्हणेन.

पण पाचव्या महिन्यात सलग नऊ दिवस आभाळ भरलेलं होतं. पॅनेल दिवसाला एक युनिटसुद्धा देईनात. त्याच हवेत वारा होता आणि चक्की रोज दोन-सव्वादोन युनिट देत होती, त्यातले बरेचसे रात्री. आम्ही पंप जपून वापरला, फ्रिज आणि दिवे एकदाही बंद पडले नाहीत. सकाळी बॅटरी २४.४ व्होल्टच्या खाली आली नाही. लेड-ॲसिड बॅटरी कित्येक दिवस अर्धवट उतरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि तिचं आयुष्य घटतं. आधीच्या नुसत्या सोलरवर माझा एक संच असाच गेला होता. त्या नऊ दिवसांनंतर मी ‘नको’ म्हणणं सोडलं. चक्कीचे ते युनिट नेमके ऊन नसताना आले, त्यांना पॅनेलच्या युनिटांच्या रांगेत बसवून भागणार नाही.

टॉवरबद्दल थोडक्यात: छतावर बसवायला सांगत होते, मी ऐकलं नाही. घरभर कंप जातो आणि छताला आपटून वारा विस्कटतो. १५० मीटरच्या आतली जी सर्वांत उंच झाडं-घरं, त्यांच्यापेक्षा पात्यांचं खालचं टोक निदान ९ मीटर वर हवं.

डंप लोडमध्ये भरल्या वाऱ्याची वीज हवेत जाते, हे माझ्याने बघवत नाही. पुढच्या महिन्यात पाण्याच्या टाकीत २४ व्होल्टचा हीटर टाकून ती आधी तिकडे वळवणार आहे. आत्ताचा रेझिस्टर मात्र काढणार नाही, हीटर जळाला तर तोच हवा. आणि दर पंधरवड्याला, ब्रेक लावून, दोन्ही टर्मिनल स्क्रू ड्रायव्हरने आवळून बघते. काल एक पाव फेरा सैल निघाला.