ऑडॅसिटी: गमतीदार डबिंगला फुकटात बरं, पण अर्धंच काम

गाणं तेच, नाच तोच, तोंडी भलतेच शब्द. हसू येतं ते ओठ जुळले तरच. पडद्यावर ओठ मिटले की आपल्या ओळीत प, ब, म यांपैकी एखादं अक्षर हवंच. तिथे ‘क’ आला की विनोद मेला.

ऑडॅसिटी म्हणजे आवाज संपादनाचं फुकट सॉफ्टवेअर. मूळ गायकाचा आवाज काढायला त्यात ‘व्होकल रिडक्शन अँड आयसोलेशन’ हा इफेक्ट आहे. फाइल स्टीरिओच, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा असलेली लागते. ‘लो कट’ म्हणजे ज्याच्या खालचे सूर तसेच राहतात ती मर्यादा; ती १२० हर्ट्झच्या फार खाली नेली, तर बेस आणि ढोलही आवाजाबरोबर जातात. गायकाचा घुमारा थोडा उरतोच. आपलं गाणं वर चढवलं की झाकतो म्हणा.

खरी गोची, इथे चित्रच दिसत नाही! ओठ जुळवायला व्हिडिओ एडिटर वेगळा. सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं) असलेल्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. तीन-चार सरकल्या की खटकतं.