दोन घोडे, एकच अहवाल

नागपूरजवळ काटोल रोड, हिंगणा, उमरेड या बाजूला थोडीफार जागा घेऊन हौसेनं घोडा पाळणाऱ्यांसाठी हे लिहितोय. ‘नॅचरल हॉर्समनशिप, तेही तुमच्या घोड्याच्या स्वभावानुसार’ (म्हणजे मारझोड न करता घोड्याचा कल ओळखून शिकवणं) असं सांगत एक ट्रेनर आपल्या भागात फिरतोय. माझ्याकडून त्यानं ८५ हजार उकळले. पण पैशांपेक्षा घोडीची जी गत करून ठेवली, त्याचा संताप जास्त आहे.

माझ्याकडे दोन जनावरं आहेत. घोडी मारवाडी, आधी वरातीत चालायची. बँड, फटाके, डोळ्यांवर लाइट असं सगळं सोसून आलेली, त्यामुळे भयंकर बुजरी. वाळत घातलेली चादर जरा हलली तरी डोळ्यांचं पांढरं दिसायला लागतं. घोडा सारंगखेड्याच्या बाजारातला. तो कशालाच भीत नाही. दाण्याच्या बादलीसाठी तबेलाभर ढकलाढकली करेल, पण खोगीर दिसलं की पाय रोवून उभा. घोडी भीतीनं ऐकत नाही, घोडा गरज वाटत नाही म्हणून ऐकत नाही.

ट्रेनरनं नेमकं इथंच बोट ठेवलं. अमेरिकेतल्या पॅट पॅरेलींच्या पद्धतीत घोड्यांचे स्वभाव चार प्रकारांत मांडतात: लेफ्ट-ब्रेन किंवा राईट-ब्रेन, आणि त्या दोन्हींत इंट्रोव्हर्ट (संथ, आतल्या आत राहणारा) किंवा एक्स्ट्रोव्हर्ट (चळवळ्या). ही मेंदूची शास्त्रीय विभागणी नव्हे, निरीक्षणासाठी केलेली ढोबळ सोय आहे. पण नीट वापरली तर कामाची. राईट-ब्रेन म्हणजे घाबरट, लेफ्ट-ब्रेन म्हणजे निर्धास्त. हे सगळं तो इतकं सुरेख बोलला की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस घोड्याच्या पोटात शिरून आलाय. फी ‘लेव्हल’प्रमाणे, निम्मी आगाऊ, शिवाय प्रत्येक घोड्याचा वेगळा ‘पर्सनॅलिटी रिपोर्ट’.

रिपोर्ट आले. छान रंगीत, वर आमच्याच घोड्यांचे फोटो. घोडीच्या रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर वाक्य होतं: ‘तो कळपात स्वतःला वरचढ समजतो, त्याला कंटाळा लवकर येतो.’ घोडीला ‘तो’! आणि माझी घोडी वरचढ? ती शेजारच्या शेळीला वाट देते. उमरेडच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी त्यांच्या घोड्याचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. फोटो वेगळा, मजकूर शब्दशः तोच. ट्रेनरला विचारलं तर म्हणतो, ‘सर, ड्राफ्ट गेला चुकून, फायनल पाठवतो.’ फायनल आजतागायत आलेला नाही.

प्रत्यक्ष कामातही सब घोडे बारा टक्के. गोल कुंपणात सोडायचं, दोरी भिरकावत पळवायचं, घोडा थकून आत वळला की ‘बघा, त्यानं मला लीडर मानलं’. या सगळ्या पद्धतींचा गाभा तसा साधा आहे. हलका दाब द्यायचा आणि घोड्यानं योग्य दिशेनं किंचित जरी प्रयत्न केला तरी त्याच क्षणी दाब काढायचा. घोडा शिकतो तो दाब सुटण्यातून. म्हणून बुजऱ्या घोडीशी जवळ जायचं, ती ताठरायच्या आत मागं सरायचं, पुन्हा जायचं. रोज तोच क्रम ठेवला तर तिला धीर येतो. निर्धास्त आणि आळशी घोड्याला तेच तेच केलं की तो आणखी ढिम्म होतो. त्याला काम थोडकं आणि बदलतं हवं, जमलं की लगेच विश्रांती किंवा गाजर, आणि विचार करायला वेळ द्यायला हवा. आमच्याकडे घोडी एप्रिलच्या उन्हात घामानं फेसाळेपर्यंत पळत राहिली आणि हा दोरी थांबवेना. घोडा दोन फेऱ्या मारून उभा राहिला, तर त्याला काठीचे रट्टे. घोडी शेवटी ओठ चाटायला, तोंड हलवायला लागली, त्याचा अर्थ यानं ‘पटलं तिला’ असा लावला. ताण ओसरतानाही घोडा तेच करतो.

सगळ्यात वाईट प्रकार डेमोच्या दिवशी घडला. पाहुणे, व्हिडिओ काढणारे असे सगळे जमलेले. त्याआधी यानं घोडीसोबत ‘बाँडिंग टाइम’ म्हणून अर्धा-पाऊण तास एकांत मागितला, मोतद्दारालाही (घोड्यांची निगा राखणाऱ्या माणसालाही) बाहेर काढलं. नंतर तीच घोडी फडफडत्या ताडपत्रीखाली पुतळ्यासारखी उभी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोतद्दार माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ‘भाऊ, हे समजली नाही, निजली हाये.’ जवळ जाऊन पाहिलं: खालचा ओठ लोंबतोय, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, मान गुडघ्यापर्यंत उतरलेली, मागचे पाय किंचित झुलताहेत. संध्याकाळी ताडपत्रीचा कोपरा हलला आणि तिनं तबेल्याची फळी फोडली.

पशुवैद्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांचा पहिला प्रश्न घोड्याबद्दल होता: ‘त्याचं लिंग बराच वेळ बाहेर लोंबत होतं का?’ होतं, एका सेशननंतर. एसप्रोमाझिनसारख्या शामक औषधानं असं होऊ शकतं, आणि नर घोड्याला कायमची इजाही होऊ शकते. रक्तदाबही उतरतो, त्यामुळे उन्हात पळवलेल्या जनावराला असं औषध देणं म्हणजे खेळच. अशी इंजेक्शनं स्नायूत टोचल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास चढतात, हे कळल्यावर ‘बाँडिंग टाइम’चा अर्थही लागला. रक्त वेळेत तपासलं गेलं नाही, म्हणून मी याला संशयच म्हणतो. तुम्हाला अशी शंका आली तर त्याच तासात पशुवैद्य बोलवा. नागपुरात सेमिनरी हिल्सला व्हेटरनरी कॉलेज आहे, तिथंही विचारा.

किटबद्दल थोडक्यात. ‘इम्पोर्टेड’ म्हणून गळ्यात मारलेली मोरकी म्हणजे गाठी मारलेली दोरी, आणि जादूची काठी म्हणजे मूठ लावलेला चार फुटी फायबरचा दांडा. त्याचे वेगळे १२ हजार घेतले.

असा कोणी भेटला तर आगाऊ रक्कम देण्याआधी त्याला तुमच्या घोड्याजवळ नुसतं उभं करा. त्यानं काही वेळ फक्त पाहिलं, कान कुठे वळतात, कशानं दचकतो, खायला कसा येतो हे विचारलं, तर पुढं बोला. दोन वेगळ्या घोड्यांवर काम करायला लावा. हात दोन्हीकडे सारखाच चालला तर तिथंच थांबा. घोड्याजवळ तो एकटा नको, तुमचा माणूस हवाच. प्रमाणपत्र दाखवलं तर ते देणाऱ्या संस्थेला स्वतः ईमेल करा.

पैसे गेलेच असतील तर यूपीआयच्या पावत्या, चॅट, रिपोर्ट जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि तुम्ही दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. अपायकारक औषध टोचणं हा प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० खालीही गुन्हा ठरू शकतो. माझी तक्रार दाखल झाली आहे. नोटीस मिळाल्यापासून त्याला उत्तराला ३० दिवस असतात, फार तर आणखी १५ मिळतात. दरम्यान कामठी भागात त्यानं नव्या नावानं बुकिंग सुरू केल्याचं कळतंय, आणि जाहिरातीच्या व्हिडिओत ताडपत्रीखाली उभी आहे ती माझीच घोडी.