घरासाठी कॅट-६ केबल: बॉक्सवरचा आकडा नाही, आतली तार बघा

घरात किंवा छोट्या ऑफिसात भिंतीतून इंटरनेट-नेटवर्कची नवी लाइन टाकायची असेल, तर २३ गेज जाडीची, शुद्ध तांब्याची, सॉलिड म्हणजे एकसंध तारेची कॅट-६ यूटीपी (धातूचं आवरण नसलेली) केबल घ्यावी. भिंतीत आधीच तिच्या आधीच्या पिढीची चांगली कॅट-५ई असेल, तर ती उपटू नका; १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिटचा वेग ती बिनतक्रार देते. नव्या कामात मात्र मजुरी आणि भिंतीची फोडाफोड तेवढीच लागते, म्हणून कॅट-६. तिच्यावर १० गिगाबिट ५५ मीटरपर्यंत चालतं. बऱ्याच केबल एकत्र बांधल्या, तर एकीचा सिग्नल दुसरीत शिरतो आणि हे अंतर ३७ मीटरच्या आसपास येतं. १० गिगाबिट पूर्ण १०० मीटर हवं असेल तर कॅट-६ए, पण ती जाड असते आणि पाइपच्या वळणावर अडते. कॅट-८ डेटा सेंटरमधल्या ३० मीटरच्या जोडण्यांसाठी आहे, घरात तिच्यावर पैसे घालू नयेत. साधा आरजे-४५ (नेहमीचा नेटवर्कचा) प्लग लावलेली चपटी ‘कॅट-७’ तर घेऊच नये.

खरी फसवणूक सीसीएची, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनिअमची. बॉक्स संशयास्पद हलका लागतो. तार ब्लेडने खरवडा. आतून चंदेरी निघाली तर परत करा. ५० मीटरच्या तुकड्यात, केबलमधल्या तारांच्या चार जोड्यांपैकी एका जोडीच्या दोन तारा टोकाला एकत्र पिळून दुसरीकडून मल्टिमीटर लावा: २३ गेजचं तांबं सुमारे ७ ओहम दाखवतं, सीसीए १०-११. या जास्तीच्या रोधामुळे पीओई, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज घेणाऱ्या, कॅमेऱ्यापर्यंत व्होल्टेज कमी पोचतं, केबल तापते आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा रीस्टार्ट होतो. शिवाय ही तार दोन-चारदा वाकवली की तुटते.

चांगली केबलही क्रिंपिंगमध्ये, म्हणजे टोकाला प्लग दाबून बसवताना, वाया जाते. जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका, मधला प्लास्टिकचा क्रॉस मुळाशी कापा आणि प्लग कॅट-६चाच घ्या. कॅट-५ईच्या प्लगमध्ये २३ गेजची तार नीट बसत नाही. गिगाबिटच्या पोर्टवर १०० मेगाबिटच दिसत असेल, तर आधी निळी आणि तपकिरी जोडी तपासा. १०० मेगाबिटला नारिंगी आणि हिरवी पुरतात, गिगाबिटला चारही लागतात.